एकाच तारेवर पंचवीस घरं

होसियतने गुंडाळलेली कॉइल कधी खोटी निघत नाही, हे बाजारात कुणीही सांगितलं असतं. म्हणून त्या जानेवारीत ओदिनाने शेगडीची कॉइल आणून तिच्याच टेबलावर आपटली, तेव्हा शेजारी किटल्यांना डाग देत बसलेल्या म्हाताऱ्यानेही हातातलं काम थांबवून मान वर केली.

"घे ही तुझी कॉइल, अपा," ओदिना म्हणाला. तो तिला अपा, म्हणजे ताई, म्हणायचा. "लालसुद्धा होत नाही. आमची मांजर शेगडीवर जाऊन झोपायला लागलीय!"

होसियतने कॉइल उचलली. कॉइलच्या टोकाला दोऱ्याने कागदाचा कपटा बांधलेला होता. प्रत्येक कॉइलला ती असा कपटा बांधायची आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात ओहम लिहायची. ह्या कपट्यावर साडेतेवीस लिहिलं होतं. तिने मापकाच्या दोन सुया दोन टोकांना टेकवल्या. काटा साडेतेवीसवर येऊन थांबला. मग तिने कॉइल तारांना जोडली. बाजाराची लाइन इस्पितळाच्या लाइनवरून आलेली, तिथे दिवसभर वीज असायची. मिनिटभरात कॉइल डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली.

"दोनशे पंधरा व्होल्ट आणि नऊच्या किंचित वर अँपिअर," होसियत म्हणाली. "गुणाकार कर. दोन हजार वॅट, पाच-पंचवीस इकडेतिकडे. आणखी काय हवंय?"

"इथं होतेय गं लाल! घरी नाही होत."

"मग माझ्या डोक्यावर का आपटतोस? घरीच बघावं लागेल."

होसियत अठ्ठावन्न वर्षांची होती. खाणीच्या कारखान्यात मापयंत्रं तपासायच्या खोलीत तिने बावीस वर्षं काढली होती. कारखान्यातला कुठलाही व्होल्टमीटर, कुठलाही अँपिअरमीटर तिच्या सहीशिवाय बाहेर जात नसे. कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांनी काही ना काही घरी नेलं. कुणी पत्रे नेले, कुणी खिडक्यांच्या काचा नेल्या. होसियतने काट्याचा एक जुना मापक आणि तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा, एवढंच नेलं. पुढे हिवाळ्यात गावोगाव वीज मोजून-मापून यायला लागली, सकाळी पाच ते आठ आणि संध्याकाळी पाच ते नऊ. लोकांनी घरोघरी विटांत कॉइल बसवून शेगड्या केल्या आणि होसियतने बाजारात टेबल मांडलं. हाताने फिरवायचा रहाट, पोलादी गज, नायक्रोम तारेचं रीळ, बस. नवरा नुस्रत बस चालवून निवृत्त झालेला. तो तिला चेष्टेने 'उस्तो' म्हणायचा, म्हणजे कारागिरांचा गुरू. लोकांनीही तेच नाव उचललं होतं, पण ते चेष्टेने म्हणत नसत.

संध्याकाळी पाचला होसियत ओदिनाच्या घरी गेली. दोघांची घरं एकाच गल्लीत होती. तुतझोर मोहल्ल्यातली ही गल्ली चायखान्याजवळच्या ट्रान्सफॉर्मरपासून सुरू व्हायची आणि पार ओढ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जायची. वस्ती सगळी गिरणीच्या बाजूला, पंचवीस घरं. ओदिनाची सून मेहरी वीस दिवसांच्या बाळाला तीन रजयांत गुंडाळून बसली होती. बाळाचं फक्त नाक दिसत होतं. बल्ब लागला होता, पण तो लागलाय की नाही हे बघायला त्याच्याकडे नीट बघावं लागत होतं.

होसियतने मापक लावला. दीडशे व्होल्ट. तारेला चिमटा अडकवला. सहा पूर्णांक चार अँपिअर.

"हे बघ. दीडशेला सहा पूर्णांक चारनं भागलं की किती? साडेतेवीस. कॉइल जशीच्या तशी आहे, तिच्यात खोट नाही. आता भागू नको, गुण. नऊशे साठ वॅट. बाजारात जेवढी ऊब होती तिच्या निम्मीसुद्धा नाही."

"निम्मी कशी होईल?" ओदिनाने बोट उगारलं. "दोनशे पंधराचे दीडशे झाले. तिसरा हिस्सा गेला म्हण. निम्मी म्हणू नको."

"अरे, दाब उतरला की करंटही उतरतो. ऊब म्हणजे दोघांचा गुणाकार. दोन्ही आकडे घसरले तर गुणाकार किती घसरेल?"

"तुझा गुणाकार तुला लखलाभ. लेकराचं नाक बर्फ झालंय, अपा. काहीतरी कर."

काय करता येईल, ते होसियतला ठाऊक होतं. कॉइल कापून आखूड केली की तिचा अडथळा कमी होतो, करंट जास्त ओढते, जास्त तापते. बारा ओहमवर आणली तर एवढ्याशा दाबातही साडेअठराशे वॅट देईल. तरी तिचा हात अडखळला. का, ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं. तेवढ्यात बाळ शिंकलं. होसियतने पिशवीतून पक्कड काढली आणि तार कापली.

"नीट ऐक," निघताना ती मेहरीला म्हणाली, कारण ओदिनाला सांगून उपयोग नव्हता. "कधी पुरं व्होल्टेज आलं तर ही लावायची नाही. चार हजार वॅट ओढील. भिंतीतली तार जाळून टाकील."

"पुरं व्होल्टेज!" ओदिना खो-खो हसला. "आमच्या गल्लीत? आधी राजाची वरात येईल."

ओदिनाच्या घरात शेगडी लाल झाली ही बातमी दुसऱ्या दिवशी नानच्या भट्टीवर पोचली, आणि तिथून कुठं कुठं. रोज एक-दोन जण कॉइल घेऊन टेबलाशी यायला लागले. "ओदिनासारखी कर." कुणाची म्हातारी आई होती, कुणाची मुलगी बाळंतपणाला आली होती, कुणाला काहीच कारण नव्हतं, थंडी होती एवढंच. होसियत कापत गेली. कपट्यावर बारा लिहीत गेली. तीन आठवड्यांत चौदा घरं झाली.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र जुनी लांब कॉइलच होती, आणि ती रोज थोडी थोडी फिकी पडत चालली होती. आधी नारिंगी, मग तपकिरी, मग नुसती काळी. हात जवळ नेला तरच ऊब कळायची.

"उस्तो," नुस्रत रजईच्या आतून म्हणाला, "अख्ख्या गल्लीला शेकणाऱ्या बाईच्या घरात नवऱ्याच्या मिशीवर दव पडतंय."

"मोज्यांचा दुसरा जोड घाल."

"दुसराच आहे. तिसरा बघतोय."

होसियतने मापक लावला. एकशे बत्तीस. तिने मनात गुणाकार केला. सातशे चाळीस वॅट. गल्लीत नवीन घर झालं नव्हतं, नवीन पाहुणे आले नव्हते. बदललं होतं ते एकच, आणि ते तिने स्वतःच्या पकडीने बदललं होतं.

त्याच संध्याकाळी बीबिसोरो आली. शेजारची विधवा, जिभेने तिखट, पायाने लंगडी. दारातूनच तिने सुरू केलं.

"टीव्ही लागत नाही. फ्रीज मेलेल्या गाढवासारखा कण्हतोय. शेगडीवर पाणी ठेवलं तर उद्या सकाळी कोमट होईल. कुणीतरी माझी वीज चोरतंय, होसियत!"

"चोरत नाही कुणी."

"मग जाते कुठं? मलाही ती आखूड कॉइल दे. सगळ्यांना देतेस, मी काय घोडं मारलंय?"

"आता नाही देणार. कुणालाच नाही."

"का?"

"तुला दिली तर उरलेल्या दहा घरांची आणखी विझेल."

बीबिसोरोने कमरेवर हात ठेवले. "चौदा घरांना दिलीस तेव्हा माझी विझत होती, ती नाही दिसली?"

बीबिसोरो पाय आपटत गेली. जाताना मुद्दाम लंगडा पाय जास्त आपटला.

ती गेल्यावर होसियत वही घेऊन बसली. पिशवीतली बारा ओहमची एक कॉइल तिने मापकाशेजारी जोडली. जोडण्याआधी काटा एकशे बत्तीसवर होता. जोडल्याबरोबर चार-साडेचार व्होल्ट खाली उतरला. कॉइल ओढत होती जेमतेम अकरा अँपिअर. साडेचारला अकराने भागलं: ओहमचे चार दशांश. म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून इथपर्यंतच्या लांबलचक तारेचा स्वतःचा अडथळा एवढा. दिसायला काहीच नाही. पण प्रत्येक अँपिअरला ह्या वाटेवरून यावं लागतं, आणि प्रत्येक अँपिअर वाटेत थोडा दाब टाकून येतो.

मग तिने पुढचं गणित केलं. सगळ्या पंचवीस घरांनी कॉइल कापल्या तर? व्होल्टेज एकशे एकोणीसवर येईल. प्रत्येक घराला मिळतील अकराशे ऐंशी वॅट. आणि कुणीच कापल्या नसत्या तर? एक हजार. एवढी सगळी उलाढाल करून घरटी पावणेदोनशे वॅट, दोन बल्बांइतकी ऊब. आणि त्यापायी टीव्ही बंद, फ्रीज बंद, दिवे बंद, आणि जवळजवळ घरांइतकीच वीज खांबांवरच्या तारेत जळणार, कावळ्यांचे पाय शेकायला. आणखी कापून आठ ओहम केलं तर? काही वाढत नाही. सहा केलं तर? उलट कमीच. तिने आकडे तीनदा तपासले. कुठंही फट सापडेना. तिने पेन्सिल वहीवर अशी आपटली की टोक मोडलं.

"काय झालं?" नुस्रतने विचारलं.

"काहीही करा, तेवढंच मिळतं. ती तारच खाऊन टाकते."

"मग तार जाड करा म्हणावं."

"कोण करतंय जाड!"

नवीन टोक करून ती पुन्हा आकड्यांकडे वळली, आणि तेव्हा तिला ते दिसलं. चायखान्यात, अगदी ट्रान्सफॉर्मरखाली, तिने आठवड्यापूर्वी मोजलं होतं: दोनशे अठरा. इथे एकशे बत्तीस. वाटेत शहाऐंशी व्होल्ट गेले. शहाऐंशीला चार दशांशने भागलं की दोनशे पंधरा अँपिअर. एका तारेतून दोनशे पंधरा?

गल्लीच्या खांबांवर चार तारा होत्या. तीन करंटच्या आणि एक परतीची. घरं तीन तारांवर वाटलेली असणार, म्हणजे एकीच्या वाट्याला आठ-नऊ. आठ-नऊ घरं दोनशे पंधरा अँपिअर कशी ओढतील? तिने विकलेल्या कॉइल मोजल्या. चौदा आखूड, प्रत्येकी अकरा, एकशे चोपन्न. अकरा लांब, प्रत्येकी साडेपाच, साठ. बेरीज दोनशे चौदा.

अख्खी गल्ली एकाच तारेवर लटकत होती.

सकाळी सहाला ती ओढ्यावर गेली. गिरणीवाला हालिम दार लावूनच बसला होता. गिरणीची मोटर कित्येक हिवाळे नीट चालत नव्हती, आजारी बैलासारखी घुमायची आणि तापायची, म्हणून त्याने ती थंडीत लावणंच सोडलं होतं. गिरणीला मात्र तिन्ही तारा आलेल्या होत्या. होसियतने एकेक मोजली. पहिली: एकशे तीस. दुसरी: दोनशे चाळीस. तिसरी: दोनशे चाळीसच्या वर. जिच्यावर सगळा भार ती बसली होती, आणि ज्यांच्यावर काहीच नव्हतं त्या उलट वर चढल्या होत्या.

"दोन तारा रिकाम्या आहेत, हालिम," ती म्हणाली. "आम्ही इथं गोठतोय आणि दोन तारा डोक्यावर रिकाम्या लोंबकळताहेत!"

त्याच दिवशी टेबल बंद ठेवून ती वीज कार्यालयात गेली. तीन तास बाकावर बसल्यावर तिला मोठ्या अभियंत्यासमोर नेलं. त्याच्या खोलीत तेलाचा रेडिएटर होता आणि त्याने कोट काढून ठेवला होता. होसियतने वही उघडून सगळं सांगितलं. त्याने वही हातात घेतली नाही.

"खोला, तुम्ही करता काय?" त्याने विचारलं. खोला म्हणजे मावशी.

"आधी मापन विभागात होते, कारखान्यात. आता कॉइल गुंडाळते."

"घरगुती शेगड्यांच्या? त्यांना परवानगी नाही, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण प्रश्न तारेचा आहे. घरं तीन तारांवर वाटा, व्होल्टेज आपोआप..."

त्याने भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "तुतझोर. बघा. आठ, आठ, नऊ. तीन तारांवर बरोबर वाटलेली आहेत."

"नकाशावर असतील. खांबावर नाहीत."

"नकाशा काय खोटा आहे?"

"माझा मापक खोटा नाही."

त्याने आता कुठे वही ओढून घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "चौदा आखूड कॉइल. ह्या कुणी विकल्या? तुम्हीच? छान. तसं लिहून द्या. लाइनवर जादा भार का पडला, ते आम्हालाही कळेल."

होसियतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वही ओढून घेतली आणि बाहेर पडली. फाटकाशी आल्यावर तिला तीन-चार चोख उत्तरं सुचली. तीही एकामागून एक, सगळी उशिरा.

गल्लीच्या मुखियाने तिच्या सांगण्यावरून माणसं चायखान्यात गोळा केली. तिने सांगितलं की निदान घरं तीन तारांवर वाटली जाईपर्यंत सगळ्यांनी लांब कॉइल परत लावू या, मी फुकट बदलून देते. आखूडवाले म्हणाले, आम्ही का गारठायचं? लांबवाले म्हणाले, आम्हालाही आखूड दे. कुणीतरी म्हणालं, उस्तोच्या घरात चोरून वेगळी तार आहे, म्हणून तिला चिंता नाही. नुस्रतने तिथल्या तिथे मोजे काढून तीन जोड टेबलावर मांडले. लोक हसले. पण कॉइल कुणीही बदलली नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सात वाजता, चायखान्याजवळच्या खांबावर फाटकन आवाज झाला आणि ठिणग्यांचा पाऊस पडला. तापून तापून तारेचा जोड वितळला होता. गल्ली दोन दिवस अंधारात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला जीपमधून फय्योझ नावाचा लाइनमन उतरला, तिशीतला, चेहऱ्यावर झोप. त्याने खटका पाडला, पायांना लोखंडी आकडे बांधले, जोड लावला आणि खाली आला. खाली होसियत उभी होती.

"तुझ्याकडे चिमटा आहे का, फय्योझजान?"

"आहे. का?"

"आता खटका चालू करून तिन्ही तारांना लाव. माझ्यावर विश्वास ठेवू नको, स्वतःच बघ."

"खोला, मला फक्त जोड लावायचा हुकूम आहे."

"मोजायला हुकूम लागतो?"

फय्योझने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, खटका चालू केला आणि ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत चिमटा घातला. पहिल्या तारेत दोनशेच्या वर. दुसरीत शून्य. तिसरीत शून्य. त्याने शीळ घातली.

"कळलं," तो म्हणाला. "माझ्याआधी जो होता, त्याच्या वेळी वादळात दोन तारा तुटल्या होत्या. त्याने सगळी घरं धड राहिलेल्या एकाच तारेवर टाकली. मग नव्या तारा ओढल्या, पण घरं परत वाटायची राहिली."

"किती वर्षं झाली?"

"सात असतील."

होसियतने बोटांवर मोजलं. सात हिवाळे.

फय्योझ मनाने वाईट नव्हता. त्याने पुन्हा खटका पाडला आणि गल्लीच्या उजव्या बाजूने सुरुवात केली. एकेका घराची तार काढून दुसऱ्या तारेवर टाकायची. होसियत एका खांबाखालून दुसऱ्या खांबाखाली चालत राहिली, मान वर करून. मान अवघडली तरी तिने खाली घातली नाही. दुपारपर्यंत उजवीकडची नऊ घरं झाली. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजायला लागला. दुसऱ्या मोहल्ल्यात तार पडली होती.

"उरलेली उद्या, खोला. शब्द देतो."

होसियतचं स्वतःचं घर डावीकडे होतं. पण तिला त्या क्षणी दुसरीच घाई होती. आता उजव्या बाजूला दोनशेच्या वर व्होल्टेज येणार, आणि त्या नऊ घरांपैकी पाचांत आखूड कॉइल होत्या. पाच वाजायच्या आत ती दारोदार फिरली. शेगडी लावू नका, मी उद्या बदलून देते. दोघांनी ऐकलं. दोन घरांना कुलूप होतं. पाचवा ओदिना.

"सात वर्षांनी व्होल्टेज आलं," ओदिना म्हणाला, "आणि तू म्हणतेस शेगडी लावू नका? तुझं डोकं ठिकाणावर आहे का, अपा?"

"सतरा अँपिअर ओढील ती! तुझं सॉकेट दहाचं आहे."

"बरं बरं, बघतो."

सव्वापाचला तो तिच्या दारात होता. हातात वितळलेलं सॉकेट, अर्ध्या तासापूर्वी पांढरं असलेलं. भिंत काळी झाली होती. मेहरीने ओल्या फडक्याने पिन ओढली नसती तर गाद्यांना आग लागली असती.

"ही तुझी कॉइल!" ओदिना ओरडला. "लेकरू होतं खोलीत!"

होसियतच्या तोंडाशी सगळं आलं होतं: मी सांगितलं होतं, पहिल्या दिवशी सांगितलं, आज सांगितलं. पण तिने लेकराचा विचार केला. तिने पिशवी उचलली. "चल. आत्ताच बदलते." ओदिनाच्या घरी मेहरीने चहा दिला आणि नवी कॉइल लावल्यावर स्वतः मापक मागून घेतला. आकडे वाचले, मग हळूच विचारलं, "नऊ गुणिले दोनशे पाच? अठराशे?" होसियतने मान हलवली. अख्ख्या हिवाळ्यात कुणी तिला विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न होता.

घरी परतताना बीबिसोरोने तिला रस्त्यातच गाठलं.

"उजवीकडे तुझे कोण लागतात गं? त्यांना दोनशे, आम्हाला काय?"

"आपल्याकडेही वाढलंय. एकशे पासष्ट आहे. तुझ्या शेगडीत आधी होती त्याच्या दीडपट ऊब आहे, घरी जाऊन हात लावून बघ."

"लावला. भाजला. पण उजवीकडे दोनशे आहेत!"

"अगं, माझं घरही डावीकडेच आहे, बीबिसोरो!"

"म्हणजे तू वर मूर्खही आहेस," बीबिसोरो म्हणाली आणि लंगडत निघून गेली.

फय्योझ दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतरही आला नाही. त्याची बदली झाली, असं कळलं. होसियत कार्यालयात आणखी सहा वेळा गेली. चौथ्या वेळी कारकुनाने फाइल उघडून दाखवली. त्यात लिहिलं होतं: तुतझोर, तिन्ही तारांवर वाटप, काम पूर्ण.

"सोळा घरं राहिलीत," होसियत म्हणाली.

"इथे पूर्ण लिहिलंय, खोला."

"मी तिथं राहते!"

"मग तुम्हाला वीज मिळतेय ना?"

सहाव्या वेळी तिला आतच जाऊ दिलं नाही. पहारेकऱ्याने तिचा मापक बघून विचारलं, हे काय आहे, आणि पिशवी तपासली.

मार्चमध्ये जर्दाळू फुलले. शेगड्या एकेक करून बंद झाल्या, तशी तारेवरची ओढ कमी झाली आणि डाव्या बाजूलाही काटा वर चढला. बल्ब नीट पेटू लागले. मुखिया रस्त्यात भेटला तेव्हा आनंदाने म्हणाला, "झालं की सगळं नीट! उगाच जिवाला लावून घेतलंस, उस्तो." समजावून सांगायला होसियतमध्ये दम उरला नव्हता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी ती खोलीत बसून टोमॅटो चिरत होती. छपरावर जर्दाळू वाळत होते, बाहेर चटका असा की कुत्री नालीत झोपलेली. वीज मिनिटभर गेली आणि परत आली. परत आली ती अशी की पंखा एकदम भणभणायला लागला आणि नुस्रतचं वर्तमानपत्र उडून भिंतीला चिकटलं. होसियत चाकू टाकून बाहेर धावली. खांबावरून दोन अनोळखी माणसं उतरत होती.

"काय केलंत?"

"घरं वाटली, खोला. तीन तारांवर. हुकूम होता."

"कुणाचा?"

"काय माहीत. यादीत होतं."

तिने मापक लावला. दोनशे एकोणीस. पंख्याला आणि बल्बाला एवढं पुरं होतं. ज्या हिवाळ्यात पाहिजे होतं तो गेला होता, आणि ज्याने यादीत लिहिलं त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. तिने अंगणातल्या तख्तावर बसून मनसोक्त शिव्या दिल्या. फय्योझला नाही, मोठ्या अभियंत्यालाही फारशा नाही. त्या वादळाला, त्या सात वर्षांना, आणि स्वतःच्या पकडीला. शिव्या संपल्यावर नुस्रत म्हणाला, "चहा करू?"

"नको. उजवीकडच्या पाचही तेव्हाच बदलल्या. डावीकडे अजून नऊ आखूड कॉइल आहेत."

"आत्ता? ऑगस्टात?"

"नोव्हेंबरात लावतील आणि जळतील. तेव्हा पुन्हा माझ्याच दारात येतील."

ती डोक्याला रुमाल बांधून निघाली. घामाने निथळत, दारोदार, शेगड्या मागत. लोक हसले. चाळीस डिग्रीत शेगडी कशाला, म्हणाले, म्हातारीला ऊन लागलं. तरी नवांपैकी सात कॉइल तिने त्याच आठवड्यात काढून आणल्या, आणि प्रत्येकीच्या जागी साडेतेवीसची नवी लावून दिली. दोन घरांनी दिल्या नाहीत. थंडी पडू दे, मग बघू, असं त्यांनी दारातूनच सांगितलं.